प्रौढ शिक्षणाची पदवी सीमेपलीकडे नेताना

सुरुवातीलाच एक गोंधळ मिटवू. नोकरी सांभाळून चाळिशीत बी.ए. करणाऱ्यांसाठी नाशिकचं मुक्त विद्यापीठ जी पदवी देतं, ती प्रौढांसाठीची पदवी. या लेखातली पदवी वेगळी आहे. प्रौढ माणसं कशी शिकतात, त्यांच्यासाठी वर्ग कसे उभे करायचे, कोणी चालवायचे, पैसा कुठून आणायचा आणि कायदा काय म्हणतो, हे सगळं ज्यात शिकवतात ती 'प्रौढ शिक्षण' या विषयाची पदवी. ती घेतलेली माणसं साक्षरता मोहिमांत, कारखान्यांच्या प्रशिक्षण विभागांत, तुरुंगांतल्या शाळांत, स्थलांतरितांच्या भाषावर्गांत आणि अर्थातच विद्यापीठांत काम करतात.

गेल्या पंचवीसेक वर्षांत अनेक विद्यापीठं ही पदवी 'आंतरराष्ट्रीय' करू पाहत आहेत. ऐकायला हे सोपं वाटतं. चार परदेशी विद्यार्थी घ्यायचे, आपले दोन पाठवायचे, इंग्रजीत एक विषय सुरू करायचा आणि माहितीपत्रकावर पृथ्वीचा गोल छापायचा. प्रत्यक्षात या विषयाला देशाबाहेर काढणं फार अवघड आहे आणि त्याचं कारण विषयाच्या पोटातच आहे.

स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने पुण्यात शिकलेलं तुळईचं गणित म्युनिकमध्येही तसंच चालतं. प्रौढ शिक्षणाचं तसं नाही. डेन्मार्कमध्ये हा विषय ग्रुंटविग या पाद्र्याच्या विचारातून आलेल्या लोकशाळांकडे बोट दाखवतो. पहिली १८४४ साली रोडिंग गावात निघाली. तिथे माणसं राहायला येतात, गातात, वाद घालतात आणि परीक्षा न देता घरी जातात. जर्मनीत लोकविद्यापीठांना, म्हणजे 'फोल्क्सहोखशूले'ना, १९१९ च्या वायमार राज्यघटनेतच जागा मिळाली. केंद्र, राज्य आणि नगरपालिका या तिघांनी त्यांना उत्तेजन द्यावं असं कलम १४८ मध्ये लिहिलं होतं. आज अशा ८०० हून अधिक संस्था आहेत आणि त्यांत स्पॅनिशपासून योगासनांपर्यंत सगळं शिकता येतं. इटलीत १९७३ साली धातुउद्योगातल्या कामगारांनी करारातून अभ्यासासाठी १५० तासांची पगारी सवलत मिळवली. तिथल्या प्रौढ शिक्षणाच्या इतिहासाची मुळं कामगार चळवळीत आहेत ती अशी. पोर्तुगालमध्ये २००० नंतर भर पडला तो वेगळ्याच गोष्टीवर: शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाने आयुष्यात जे शिकून घेतलं ते तपासायचं आणि त्याला शालेय प्रमाणपत्राची बरोबरी द्यायची.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे कंदिलाच्या उजेडात पाटीवर नाव गिरवणारी आजी. २ ऑक्टोबर १९७८ ला सुरू झालेला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम, १९८८ चं राष्ट्रीय साक्षरता मिशन आणि आता २०२२ पासूनचा नव भारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजेच 'उल्लास', यांनी ते चित्र पक्कं केलं.

म्हणजे पाच देशांतले पाच विद्यार्थी एका टेबलाभोवती बसले आणि सगळ्यांच्या पदवीवर एकच नाव असलं, तरी प्रत्येकाच्या डोक्यातली संस्था, शिक्षक आणि शिकणारा वेगळा असतो. कायदे वेगळे, पैसे देणारे वेगळे. मग हा खटाटोप करायचाच कशाला?

पहिलं कारण अगदी व्यवहाराचं आहे. शिकणारी माणसंच सीमा ओलांडून आली आहेत. जर्मनीत २००५ पासून स्थलांतरितांसाठी एकात्मता वर्ग चालतात. सर्वसाधारण वर्गात भाषेच्या ६०० तासिका असतात आणि देशाची ओळख करून देणाऱ्या १००. सीरिया किंवा अफगाणिस्तानातून आलेला माणूस समोर बसलेला असताना त्याच्या देशात मोठ्या माणसाने शाळेत बसणं कसं पाहिलं जातं, हे आयोजकाला ठाऊक नसेल, तर वर्ग गळायला लागतो. दुसरं कारण धोरणाचं. प्रौढ शिक्षणाची भाषा आता बरीचशी देशाबाहेर ठरते. युनेस्कोच्या जागतिक परिषदा १९४९ पासून भरतात: एल्सिनोर, माँट्रियल, टोकियो, पॅरिस, हॅम्बुर्ग, बेलेम आणि २०२२ मध्ये मराकेश. युरोपीय संघाने २०२० पर्यंत १५ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या शिक्षणात असावेत असं लक्ष्य ठेवलं होतं. अशा लक्ष्यांवरून खालच्या नगरपालिकेचं अनुदान ठरतं. ते आकडे कुठून आले आणि काय मोजतात हे न कळणारा पदवीधर फक्त तक्ते भरत बसतो.

पण खरं कारण तिसरं आहे, निदान माझ्या मते. आपली व्यवस्था आपल्याला दिसतच नाही. प्रौढ शिक्षण म्हणजे साक्षरता हे आपण इतकं गृहीत धरलेलं असतं की त्याला दुसरा आकार असू शकतो, हे शेजारच्या घरात डोकावल्याशिवाय लक्षात येत नाही. तसंच जर्मन विद्यार्थ्याला फी भरून आवडीचा वर्ग निवडणारा नागरिक इतका सवयीचा असतो की राज्यसंस्था स्वतः दारोदार जाऊन शिकणारे शोधते, ही कल्पनाच त्याला चक्रावून टाकते.

तसं पाहिलं तर हे नवं मुळीच नाही. १९६५-६६ मध्ये कॅनडाचे प्रौढ शिक्षणतज्ज्ञ रॉबी किड जयपूरला राजस्थान विद्यापीठात प्रौढ शिक्षणाचा विभाग उभारायला मदत करत होते. १९६० च्या माँट्रियल परिषदेचे ते अध्यक्ष होते आणि १९७३ मध्ये प्रौढ शिक्षणाची आंतरराष्ट्रीय परिषद ही बिगरसरकारी संघटना त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी १९६४ नंतर हद्दपारीत चिलीमध्ये काम करत होते आणि त्यांचे विचार तिथून जगभरच्या वर्गांत पोचले. आपल्या साताऱ्यातून १९५९ साली निघालेली ग्रामशिक्षण मोहीमही याच काळातली. गावातल्या शिकलेल्यांनी गावातल्या निरक्षरांना शिकवायचं आणि गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ करायचा, अशी ती पद्धत. १९७२ मध्ये तिला युनेस्कोचा साक्षरता पुरस्कार मिळाला. विचार देशादेशांतून फिरतच होते. पदवीचे कागद मात्र जागचे हलत नव्हते आणि आजची झटापट आहे ती या कागदांशी.

एक मार्ग सगळ्यांच्या परिचयाचा आहे: विद्यार्थी एक सत्र दुसऱ्या देशात पाठवणं. १९८७ पासूनच्या युरोपच्या 'इरास्मुस' योजनेने ते लाखो मुलांसाठी शक्य केलं. पण प्रौढ शिक्षणाच्या पदव्युत्तर वर्गात बसणाऱ्यांपैकी अनेकजण स्वतःच प्रौढ असतात. नोकरी, लेकरं, आईवडील. सहा महिने स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियानाला जा म्हटलं तर ती माणसं हसतील. शिवाय जो गेला तो शहाणा होऊन आला तरी मागे राहिलेल्या अठरा जणांच्या अभ्यासक्रमात काडीचा फरक पडत नाही. हे ओळखूनच १९९९ च्या सुमारास स्वीडनच्या मालमो विद्यापीठातल्या बेंग्ट निल्सन यांनी 'घरबसल्या आंतरराष्ट्रीयीकरण' ही कल्पना मांडली: जे जाणार नाहीत त्यांचं काय, हा तिचा प्रश्न होता.

दुसरा मार्ग संयुक्त पदवीचा. ग्लासगो, माल्टा आणि टालिन ही विद्यापीठं आणि सायप्रसचं मुक्त विद्यापीठ मिळून 'सामाजिक बदलासाठी प्रौढ शिक्षण' ही दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी चालवतात. शिष्यवृत्ती मिळाली तर याहून चांगलं काही नाही. न मिळाल्यास आपल्याकडच्या बहुतेकांसाठी तो दरवाजा बंदच.

तिसरा प्रयोग मला सगळ्यांत धाडसी वाटतो. २००१ साली, म्हणजे घरात इंटरनेट यायचं तर टेलिफोनच्या तारेतून खरखरत यायचं त्या काळात, चार खंडांतल्या चार विद्यापीठांनी 'प्रौढांचं शिकणं आणि जागतिक बदल' या विषयाची एक पदव्युत्तर पदवी सुरू केली. स्वीडनचं लिंशोपिंग, कॅनडाचं ब्रिटिश कोलंबिया, दक्षिण आफ्रिकेचं वेस्टर्न केप आणि ऑस्ट्रेलियातलं सिडनीचं तंत्रज्ञान विद्यापीठ. विद्यार्थ्याने यांपैकी एकात नाव घालायचं, पदवी तिथूनच घ्यायची. पण वर्ग सगळ्यांचा एकत्र, ऑनलाइन. कुठला विषय कोणत्या विद्यापीठाने पुढे राहून शिकवायचा हे वाटून घेतलेलं.

अडचणी पाहा. सिडनी आणि व्हँकूव्हरच्या घड्याळांत १७ ते १९ तासांचा फरक, त्यामुळे एका वेळी सगळे भेटणं अशक्य. चर्चा लिहूनच करायची आणि उत्तराची वाट पाहायची. उत्तर गोलार्धाचं शैक्षणिक वर्ष उन्हाळ्यानंतर ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतं, दक्षिणेचं फेब्रुवारीत. दोन पंचांगं समोर ठेवून मुहूर्त काढावा तसं वेळापत्रक काढायचं. निबंध एकच, पण गुण देण्याची पद्धत प्रत्येक विद्यापीठाची निराळी. आणि फी! स्वीडनमध्ये तेव्हा परदेशी विद्यार्थ्यांनाही शिकवणी शुल्क नव्हतं (युरोपबाहेरच्यांना ते २०११ मध्ये लागलं), तर सिडनीत भरावं लागे. म्हणजे एकाच वर्गात बसून जागतिक विषमतेवर चर्चा करणाऱ्यांतला एक फुकट शिकतोय आणि दुसरा पगारातून फी भरतोय. वेस्टर्न केप हे तर वर्णभेदाच्या राजवटीत कृष्णेतर 'मिश्रवर्णीयां'साठी वेगळं काढलेलं विद्यापीठ. तिथल्या विद्यार्थ्यासाठी विषमता हा धड्यातला मुद्दा नव्हता, घरचा अनुभव होता. चारही बाजूंच्या प्राध्यापकांनी या ताणांवर नंतर लिहिलंही. मला त्यातून एवढं दिसतं की या पदवीचा अर्धा अभ्यासक्रम पदवी चालवण्यातच होता.

चौथा मार्ग छोटा आणि म्हणून जास्त अनुकरणीय. बव्हेरियातल्या व्युर्झबुर्ग विद्यापीठात २०१४ पासून दर फेब्रुवारीत दोन आठवड्यांचं शिबिर भरतं. युरोपातली अनेक विद्यापीठं त्यात आहेत: फ्लोरेन्स, पादुआ, लिस्बन, हंगेरीतलं पेच, आरहूस, हॅम्बुर्ग. दिल्लीहूनही विद्यार्थी जातात. शिबिराआधीच प्रत्येकाने आपल्या देशाबद्दल ठरलेल्या प्रश्नांना धरून एक निबंध लिहून आणायचा. मग पहिल्या टप्प्यात धोरणांवर चर्चा आणि गावातल्या प्रौढ शिक्षण संस्थांना भेटी, दुसऱ्या टप्प्यात देशोदेशीच्या मुलांचे लहान गट करून एकेका विषयाची तुलना. २०१५ ते २०१८ मध्ये सात विद्यापीठांनी मिळून याचाच एक सामायिक अभ्यासघटक बनवला. नवी पदवी काढायची नाही, प्रत्येकाने आपल्या चालू पदवीत तो बसवायचा, ही त्यातली युक्ती. २०२१ नंतर इरास्मुसमध्येही अशा मिश्र पद्धतीला जागा झाली: प्रत्यक्ष मुक्काम ५ ते ३० दिवसांचा, बाकी ऑनलाइन, आणि किमान ३ युरोपीय क्रेडिट (क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याच्या अभ्यासाचं माप).

इथला कळीचा शब्द तुलना. ती कशी करतात हे जरा सावकाश पाहू, कारण बहुतेक शिबिरं इथेच फसतात. पहिल्या दिवशी प्रत्येक गट आपल्या देशाच्या स्लाइड दाखवतो: लोकसंख्या, साक्षरतेचं प्रमाण, मंत्रालयाचं नाव, एक नकाशा. टाळ्या वाजतात. ही तुलना नव्हे, शेजारी शेजारी ठेवणं झालं. तुलनात्मक शिक्षणशास्त्रात जॉर्ज बेरेडे यांनी १९६० च्या दशकातच चार पायऱ्या सांगितल्या होत्या: वर्णन, त्याचा अर्थ लावणं, शेजारी ठेवणं आणि मग तुलना. शेवटच्या पायरीसाठी सगळ्या देशांना विचारता येईल असा एक प्रश्न लागतो.

समजा प्रश्न असा घेतला: वर्गात शिकवणारा माणूस कोण आहे आणि त्याचं पोट कशावर चालतं? जर्मन लोकविद्यापीठात शिकवणारे बहुतेकजण तासाप्रमाणे मानधन घेणारे असतात. पगारी असतात ते वर्गांचं नियोजन करणारे मोजके कर्मचारी. इटलीच्या सरकारी प्रौढ शिक्षण केंद्रांत शाळेचेच नियमित शिक्षक असतात. भारतात 'उल्लास'मध्ये शिकवणारे स्वयंसेवक, बिनमानधनाचे. वरवर पाहता जर्मनी आणि भारत एका बाजूला येतात, कारण दोन्हीकडे शिकवणाऱ्याला कायम नोकरी नाही. पण 'का' विचारलं की वाटा फुटतात. जर्मनीत मागणीप्रमाणे वर्ग बदलता यावेत म्हणून तसं आहे, कारण संस्था कायमची आणि वर्ग तात्पुरता. आपल्याकडे मोहीमच ठरावीक मुदतीची असते, म्हणजे वर्गही तात्पुरता आणि यंत्रणाही. मोहीम संपली की नवसाक्षराला पुढचं पुस्तक देणारं दार गावात उरेल याची खात्री नसते. ही गोष्ट दिल्लीच्या विद्यार्थ्याला आधी माहीत नसते असं नाही. पण हा कारभाराचा निर्णय आहे, नशीब नाही, हे त्याला जर्मन संस्था पाहिल्यावर उमगतं. उलट जर्मन विद्यार्थ्याला प्रश्न पडतो की ज्यांना वर्गाची सर्वाधिक गरज आहे ती माणसं आपल्या दारात का येत नाहीत आणि आपण त्यांच्या दारात का जात नाही.

आता रुक्ष भागाकडे. शिबिर झालं, तुलना झाली, पण गुणपत्रिकेत काय लिहायचं? युरोपातल्या देशांनी आपापल्या पदव्यांची रचना जुळवून घेण्यासाठी केलेल्या १९९९ च्या बोलोन्या घोषणेनंतर तिथे वर्षाला ६० क्रेडिट हे माप रुळलं. एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, घरचा अभ्यास धरून. आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाला ४० क्रेडिट आणि एकूण १२०० तास, म्हणजे एका क्रेडिटला ३० तास.

मुंबईच्या विद्यार्थिनीने ४ क्रेडिटचा विषय पूर्ण केला आणि तो युरोपात दाखवला, असं समजू. वर्षाच्या हिश्शाने मोजलं तर ४० पैकी ४ म्हणजे दहावा भाग, म्हणून युरोपात ६० चा दहावा भाग, ६ क्रेडिट. तासांनी मोजलं तर ४ × ३० = १२० तास, म्हणून जास्तीत जास्त ४.८, आणि ३० तासांचा हिशेब धरला तर ४ च. दोन्ही गणितं बरोबर आहेत, उत्तरं वेगळी. विद्यार्थिनीला ६ मिळणार की ४, हे टेबलापलीकडच्या कारकुनाकडे कोणता कागद आहे त्यावर ठरतं. म्हणून शहाणे विभाग विद्यार्थी पाठवायच्या आधी विषयागणिक तक्ता करून त्यावर सह्या घेतात. परत आल्यावर भांडून काही होत नाही.

भारतात याची कायदेशीर चौकट म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे नियम. त्यांत तीन प्रकार आहेत. जोड कार्यक्रमात पदवी भारतीय संस्थेचीच राहते आणि ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट परदेशी संस्थेतून घेता येतात. संयुक्त पदवीत दोन्हीकडून किमान ३० टक्के हवेत आणि एकच पदवी मिळते. दुहेरी पदवीत दोन्ही संस्था आपापली पदवी देतात. चांगलं मूल्यांकन असलेल्या विद्यापीठांना यासाठी आयोगाची आगाऊ परवानगी लागत नाही, हे स्वागतार्ह. पण हे नियम ऑनलाइन आणि दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमांना लागू नाहीत. इथे मला नियम करणाऱ्यांशी वाद घालावासा वाटतो. बावीस वर्षांच्या अभियांत्रिकीच्या मुलासाठी ठीक आहे. पण या विषयाचा नमुनेदार विद्यार्थी म्हणजे दिवसा नोकरी आणि संध्याकाळी वर्ग करणारा. प्रवास न करता शिकण्याची सर्वाधिक गरज त्यालाच.

पैसा आणि भाषा यांबद्दल थोडक्यात. अशा बहुतेक कार्यक्रमांचा निधी युरोपातून येतो आणि कामाची भाषा इंग्रजी असते. त्यामुळे एक सवय लागते: सिद्धांत उत्तरेकडून यायचा आणि दक्षिणेने 'उदाहरण' पुरवायचं. भारतातून आलेल्याने झोपडपट्टीतल्या वर्गाची हृदयस्पर्शी गोष्ट सांगावी आणि पोर्तुगालच्या माणसाने धोरण समजावावं. आयोजक चांगले असतील तर हे मोडून काढतात, नाहीतर ते आपोआप घडतं. व्हिसाच्या रांगेत कोण उभं राहतं आणि कोण नाही, हेही याच खात्यात.

महाराष्ट्रातल्या विभागांकडे या देवघेवीत मांडायला काय आहे? साताऱ्याची मोहीम आहे, पण ती इतिहासात. चालू काळातलं सांगायचं तर मुंबई विद्यापीठाचा आजीवन अध्ययन आणि विस्तार विभाग, म्हणजे कॉलेजच्या मुलांचं 'डीएलएलई'. १२० तास विस्तारकार्य करा आणि १० जादा गुण मिळवा, हे सूत्र मुंबई-ठाणे-रायगडच्या पदवीधरांना पाठ असतं. बायकांच्या स्थितीचं सर्वेक्षण, 'अन्नपूर्णा' उपक्रमात मुलांनी लावलेले खाद्यपदार्थांचे स्टॉल, 'उडान' महोत्सवातलं पथनाट्य. पुष्कळ मुलं दहा गुणांसाठीच येतात हे उघड गुपित आहे. तरीही संलग्न महाविद्यालयांतली इतकी पदवीपूर्व मुलं विद्यापीठाच्या नियमित व्यवस्थेतून वस्तीत जातात, ही जर्मन किंवा इटालियन प्राध्यापकाला कुतूहलाने विचारपूस करायला लावेल अशी गोष्ट आहे. गुण दिल्याने सेवा टिकते की पोकळ होते, हा तुलनेसाठी उत्तम प्रश्न आहे. डेन्मार्कच्या बिनपरीक्षेच्या लोकशाळांसमोर तो ठेवून पाहावा.

त्यासाठी संयुक्त पदवी लागत नाही. चालू एम.ए.मध्ये दोन क्रेडिटचा एक ऐच्छिक विषय पुरे. परदेशातला एक समविचारी विभाग, एक ठरलेला प्रश्न, दोन्हीकडच्या मुलांनी आपापल्या गावच्या वर्गात जाऊन लिहिलेली टिपणं, आणि आठवड्यातून एकदा ऑनलाइन भेट. व्युर्झबुर्ग आणि महाराष्ट्र यांच्या घड्याळांत हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो. त्यांची दुपारी दोनची तासिका म्हणजे आपली संध्याकाळची साडेसहा, नोकरीवाल्यांना जमणारी वेळ. अडेल ते अभ्यास मंडळाच्या बैठकीत. नवा विषय मंजूर होऊन वेळापत्रकात यायला वर्ष सहज जातं, म्हणून पलीकडच्या विभागाला पत्र लिहायच्या आधी आपल्या मंडळाची पुढची तारीख विचारून घ्यावी.